धुक्याचें बेट

प्रवासवर्णन लिहिणारानें आपण काय काय पाहिलें तें सांगावें, असा शिरस्ता आहे. या खेपेस आम्हांस काय दिसलें नाहीं तें अगोदर सांगणें भाग आहे. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्याला लागून स्काय नांवाचें मोठें बेट आहे. त्यावरील कूलिन नांवाची काळी, करवतीच्या दांत्यांसारखी पर्वतराजि पाहण्यासाठीं देशोदेशींचे लोक तेथें जातात. ती पर्वतराजि आम्हांस दिसली नाहीं. स्टॉर नांवाच्या डोंगराच्या कुशींत सुमारें ५० मीटर उंचीचा एक सुळका उभा आहे. त्यास तेथले लोक 'स्टॉरचा म्हातारा' म्हणतात. तोहि दिसला नाहीं. समोरचें रासे बेट क्षणभर दिसलें व पुनः नाहींसें झालें. सकाळीं न्याहारीच्या वेळीं लागलेला पाऊस, रात्रीं दहाच्या सुमारास उजेड मावळला तरी पडतच होता. तथापि तो दिवस फुकट गेला असें म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं.

आमचे चिरंजीव कांहीं वर्षांपासून ग्लासगो येथें नोकरीस आहेत. गेल्या आषाढांत आम्ही व सौ. त्यांच्याकडे गेलों होतों. नातीस शाळेची सुटी होती, म्हणून चिरंजीव, सूनबाई, नात आणि आम्ही उभयतां असे पांच जण मोटारीनें स्कायला निघालों. पूर्वीं या बेटावर नावेनेंच जावें लागे. १९९५ सालीं पूल झाला. त्यावर जबर पथकर बसला. कित्येकांनीं तो देण्याचें साफ नाकारून आपणांवर खटले ओढवून घेतले, आणि अखेर २००४ च्या डिसेंबरांत कर उठला. ही हकीकत चिरंजीवांनीं पूल ओलांडतांना सांगितली. तेव्हां आम्हीं तिकडे विशेष लक्ष दिलें नाहीं. या बेटाच्या लोकांस असे कज्जे नवीन नाहींत, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळावयाचें होतें.

ब्रॉडफर्ड गांवीं एका वृद्ध बाईंच्या घरीं आमची रात्रीच्या मुक्कामाची व न्याहारीची सोय केलेली होती. सकाळीं बाईंनीं चहाचें भांडें पुढें ठेवलें, खिडकीबाहेर पाहिलें आणि म्हणाल्या, "आज डोंगर घरींच बसले आहेत. तुम्ही मात्र जाऊन या." बाईंची मातृभाषा गॅलिक. त्या भाषेंत या बेटाला 'धुक्याचें बेट' असेंच एक नांव आहे, असें त्यांनीं सांगितलें. नांव ठेवणारानें कोणाचीहि फसवणूक केलेली नाहीं.

आमचा जन्म सह्याद्रीच्या पायथ्याशीं गेला. पाऊस म्हणजे काय हें आम्हांस कोणी शिकवावें असें नव्हतें, असा आमचा समज होता. परंतु आमचा पाऊस मृगाबरोबर गाजावाजा करीत येतो, चार महिने घर डोक्यावर घेतो आणि हस्त आटोपला कीं आपल्या वाटेनें जातो. स्कायचा पाऊस बारा महिने असतो व बहुधा मुकाट्यानें पडतो. तो थेंब आणि धुकें यांच्या मधली कांहीं वस्तु आहे. वरून पडतो त्याहून समोरून अधिक येतो. त्यामुळें छत्रीचा उपयोग केवळ वाऱ्याशीं झोंबी घेण्यापुरता होतो. सौ. नीं दोन छत्र्या नेल्या होत्या. एक पहिल्या तासाभरांत उलटी झाली. दुसरी मोटारींतून बाहेर काढलीच नाहीं.

बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,६५० चौरस किलोमीटर, आणि वस्ती जेमतेम दहा हजार. म्हणजे आमच्याकडील एखाद्या बाजारगांवाएवढी. ब्रॉडफर्डहून पोर्ट्री या मुख्य गांवाकडे जाणारा रस्ता समुद्र व डोंगर यांच्या मधून जातो. डावीकडचे तांबूस ग्रॅनाइटचे डोंगर कमरेपर्यंत दिसत होते. वरचा भाग ढगांत. त्यांतच ग्लामेग नांवाचा ७७५ मीटर उंचीचा घुमटासारखा डोंगर आहे. १८९९ सालीं ब्रूस नांवाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याबरोबर हरकबीर थापा नांवाचा एक गुरखा शिपाई येथें आला होता. पायथ्याच्या स्लिगाखन येथील खाणावळीपासून ग्लामेगचा माथा गांठून परत येण्यास त्यास अवघीं ५५ मिनिटें लागलीं, आणि तीं सुद्धां अनवाणी! त्याच्या आठवणीसाठीं आजहि त्या डोंगरावर धांवण्याची शर्यत होते. आमच्या नातीला ही गोष्ट फार आवडली. "त्याच्या पायांना लागलें नाहीं का?" असें तिनें तीनदां विचारलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

स्लिगाखन येथें टेलफर्ड या प्रसिद्ध स्थापत्यविशारदाच्या काळचा एक जुना दगडी पूल आहे, आणि जवळच २०२० सालीं बसविलेले दोन पुतळे आहेत. एक नॉर्मन कॉली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचा, दुसरा जॉन मॅकेंझी या येथल्या वाटाड्याचा. प्राध्यापक १८९५ सालीं हिमालयांत नंगा पर्वतापर्यंत जाऊन आलेला. वाटाड्या याच बेटावर वाढलेला. दोघांनीं मिळून कूलिनचीं शिखरें पालथीं घातलीं, आणि मेल्यावरहि दोघांस एकाच स्मशानभूमींत शेजारीं शेजारीं पुरलें आहे. हे दोघे पुतळे ज्या दिशेस पाहतात त्याच दिशेस आम्हीहि छत्रीवांचून पांच मिनिटें पाहत उभे राहिलों. समोर धुकें. "ते रोज पाहतात, त्यांना केव्हां तरी दिसत असेल," असें सौ. म्हणाल्या व मोटारींत जाऊन बसल्या.

पोर्ट्रीच्या अलीकडे उजवीकडे ब्रेझ नांवाच्या वस्तीकडे एक आडरस्ता फुटतो. तिकडे जाण्याचा विचार मुळांत नव्हता; परंतु डोंगर दिसत नाहीं तर निदान माणसांचीं घरें पाहूं, असें चिरंजीव म्हणाले. हा रस्ता एका मोटारीपुरताच रुंद आहे. थोड्या थोड्या अंतरावर कडेला फुगवटा ठेवलेला असतो. समोरून गाडी आली म्हणजे ज्यास जवळ पडेल त्यानें तेथें सरकून वाट द्यावयाची, आणि दुसऱ्यानें हात वर करून आभार मानावयाचे. वीस मिनिटांत अकरा गाड्या समोरून आल्या व अकरा हात वर झाले. भोंगा एकदांहि वाजला नाहीं. आमच्या घाटांतून दोन गाड्या समोरासमोर आल्या असतां प्रथम कोणाचा बाप निघतो, तें वाचकांस ठाऊक आहेच.

ब्रेझ म्हणजे समुद्रकांठच्या उतारावरील तीन वाड्या. प्रत्येक कुळाकडे पोटापुरती जमीन, आणि डोंगरावर सर्वांचें मिळून गुरचरण, अशी तेथली जुनी व्यवस्था होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील जमीनदारांच्या ध्यानांत आलें कीं कुळांपेक्षां मेंढ्या किफायतशीर. मग गांवेंच्या गांवें उठविण्यास सुरुवात झाली. याच बेटावरील सुइश्निश व बोरेरेग हीं गांवें १८५३-५४ च्या सुमारास उठविलीं. तेथें आज भिंतींचे चौथरे व गवत एवढेंच उरलें आहे. लोक कॅनडांत गेले, ऑस्ट्रेलियांत गेले.

ब्रेझच्या लोकांचें बेन ली नांवाच्या डोंगरावरील गुरचरण जमीनदारानें काढून घेतलें होतें. तें परत मिळेपर्यंत खंड देणार नाहीं, असें त्यांनीं कळविलें. १८८२ च्या एप्रिलांत जमिनीवरून उठण्याच्या नोटिसा घेऊन बेलीफ आला. लोकांनीं त्याला अडवून त्या नोटिसा जाळावयास लाविल्या. कांहीं दिवसांनीं ग्लासगोहून सुमारें ५० पोलीस आणवून धरपकड झाली, तेव्हां बायकांनीं उतारावर चढून पोलिसांवर दगडांचा वर्षाव केला. पुण्याजवळ सुपें येथें १८७५ सालीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं, त्या गोष्टीस तेव्हां सातच वर्षें झालीं होतीं. इकडच्या माणसांस तिकडची वार्ता असण्याचें कारण नाहीं. पण कागद कोणता जाळावा हें दोघांसहि बरोबर समजलें.

पुढें सरकारनें चौकशी मंडळ नेमलें. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हे गृहस्थ १८६६ पासून १८७२ पर्यंत मद्रासेचे गव्हर्नर होते, व १८७२ सालीं थोडे महिने हंगामी व्हाइसरॉयहि होते. मंडळाची पहिली बैठक १८८३ च्या मे महिन्यांत याच ब्रेझमध्यें भरली, आणि १८८६ सालीं कायदा होऊन खंड भरणाऱ्या कुळास जमिनीवरून हुसकतां येणार नाहीं असें ठरलें. या सर्व प्रकरणाची आठवण म्हणून रस्त्याच्या कडेला दगडांचें एक लहानसें स्मारक आहे. तेथें आम्ही भिजत उतरलों. वरच्या अंगास बेन लीचा ओला हिरवा उतार दिसत होता, व त्यावर मेंढ्या चरत होत्या. या मेंढ्या आतां कुळांच्याच आहेत, असें चिरंजीव म्हणाले.

येथें आणखी एका माणसाबद्दल लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. सॉर्ली मॅक्लीन हा गॅलिक भाषेचा गेल्या शतकांतील थोर कवि. त्याचा जन्म १९११ सालीं समोरच्या रासे बेटावर झाला. दुसऱ्या महायुद्धांत तो आफ्रिकेच्या वाळवंटांत लढला व जखमी झाला. बाकी सर्व हयात शाळामास्तर! प्लॉक्टन येथील शाळेचा तो हेडमास्तर होता. पोटासाठीं इंग्रजी शिकवावी आणि कविता गॅलिकमध्यें लिहावी, असा त्याचा क्रम. ज्या मुलांची ती मातृभाषा नाहीं त्यांसहि शालान्त परीक्षेस गॅलिक घेतां यावी, म्हणून त्यानें खटपट केली व ती सिद्धीस नेली. १९७२ सालीं निवृत्त होऊन तो या ब्रेझमध्यें येऊन राहिला. रासेवरील ओसाड पडलेल्या हॅलेग गांवावर त्याची कविता प्रसिद्ध आहे. आम्हीहि निवृत्त मास्तर. त्याच्या गांवच्या पावसांत उभे असतां आमच्या मनांत प्रथम धंदेबंधुत्वाचा अभिमान आला. तो रात्रीपर्यंतच टिकावयाचा होता.

पोर्ट्रीबद्दल फारसें लिहावयाचें नाहीं. बंदरावर निळीं, गुलाबी, पिवळीं घरें ओळीनें आहेत व त्यांचीं छायाचित्रें काढणाऱ्यांची दाटी असते. मात्र बेटावर सर्वत्र रस्त्यांवरील पाट्या दोन भाषांत आहेत, आणि आमची नात सकाळपासून त्यांतल्या गॅलिक ओळी इंग्रजी उच्चारानें वाचून हसत होती. पोर्ट्रीच्या पाटीवरील 'री' म्हणजे राजा, असें एक मत आहे. १५४० सालीं स्कॉटलंडचा पांचवा जेम्स येथें उतरला होता म्हणून हें 'राजाचें बंदर'. दुसरे म्हणतात, तसें नव्हे, येथें मूळ शब्द डोंगराच्या उताराचा आहे. वाद त्यांचा त्यांनीं मिटवावा. पण गॅलिक 'री' आणि संस्कृत 'राजन्' हे एकाच मुळापासून निघालेले शब्द आहेत, आणि त्या भाषेंत तिनाला 'त्री' म्हणतात, हें आम्हीं नातीस सांगितलें. तेव्हांपासून तिचें हसणें थांबून मोजणें सुरू झालें.

स्टॉरच्या पायथ्याशीं मोटार उभी करून आंतच जेवलों. सौ. नीं पहांटे उठून, बाईंच्या परवानगीनें त्यांच्या स्वयंपाकघरांत दशम्या केल्या होत्या. सोबत दाण्याची चटणी. काचांवर पांच माणसांच्या श्वासाची वाफ धरली होती. पुढें डोंगर होता, तो आम्हीं बाहेर लावलेल्या माहितीच्या फलकावर पाहिला.

परंतु पायांखालचा दगड कोणताहि ढग झांकूं शकत नाहीं, आणि तो दगड ओळखीचा निघाला. स्कायचा उत्तरेकडील हा ट्रॉटर्निश नांवाचा भाग सुमारें सहा कोटि वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यानें बनलेला आहे. आपला सह्याद्रि व दख्खनचें पठार हीं त्याहून थोडीं आधीं, सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं, तशाच थरावर थर सांठून झालीं. तोच काळा बसाल्ट, त्याच पायऱ्या. दख्खनच्या या दगडास भूगर्भशास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्दच मुळीं स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या नांवावरून आला आहे. फरक इतकाच कीं स्कायला हा जड लाव्हा जुन्या, मऊ मातकट थरांवर बसला, आणि खालचा थर भार सोसूं न शकल्यामुळें डोंगराची एक बाजू समुद्राकडे घसरली. स्टॉरचा म्हातारा हा त्या घसरणींतला मागें राहिलेला तुकडा. उत्तरेस फ्लॉडिगॅरी जवळ जमीन अद्याप सरकते व रस्ता पुनः पुनः दुरुस्त करावा लागतो. आम्ही त्या रस्त्यावरून गेलों तेव्हां सौ. नीं डोळे मिटून घेतले होते.

त्याच्या अलीकडे कड्यावरून एक ओढा सरळ समुद्रांत उडी घेतो. शेजारचा कडा उभ्या खांबांचा आहे, चुण्या घातलेल्या घागऱ्यासारखा; म्हणून त्यास स्कॉटिश पुरुषांच्या घागऱ्याचें, म्हणजे किल्टचें, नांव दिलें आहे. वारा इतका होता कीं पडणारें पाणी अर्ध्या वाटेवरून तुषार होऊन वर येई व आमच्या तोंडावर बसे. नाणेघाटाकडे पावसाळ्यांत ज्यांनीं असा प्रकार पाहिला आहे त्यांस अधिक सांगणें नको.

किल्म्युअर येथें जुन्या गवती घरांचें संग्रहालय आहे. १९६५ पासून तें चालू आहे. हातभर जाडीच्या दगडी भिंती, लहान खिडक्या, वर गवताचें छप्पर, आणि वाऱ्यानें तें उडूं नये म्हणून दोरांना लोंबते दगड बांधलेले. आंत ज्या वस्तु आहेत त्या पाहून आमच्या सूनबाई म्हणाल्या, "अण्णा, हें तर आपल्या जुन्या घरासारखेंच." काळा पडलेला लोखंडी तवा, लोणी काढण्याचें लांकडी भांडें, विळे, जळणासाठीं वाळविलेल्या दलदलीच्या मातीच्या विटा. जवळच्या टेकडीवर फ्लोरा मॅकडोनल्ड या बाईची समाधि आहे. १७४६ सालीं पराभूत राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट यास दासीचा वेष देऊन तिनें होडींतून या बेटावर आणलें व शत्रूच्या हातून वांचविलें. तिची गोष्ट सर्वत्र सांगतात, म्हणून येथें सांगत नाहीं.

ऊइगच्या बंदरावरून वळसा घालून आम्ही सायंकाळीं आठाच्या सुमारास ब्रॉडफर्डला परतलों. बाईंनीं शेकोटी पेटविली होती. ओले बूट व मोजे तिच्यासमोर ओळीनें मांडून आम्ही बसलों. नातीनें आल्या आल्या 'त्री' पर्यंतचे आंकडे बाईंना म्हणून दाखविले. बाई हसल्या, त्यांनीं दहापर्यंत शिकविले. मग म्हणाल्या, "हे मला माझ्या नातीनें शिकविले."

आम्हीं नवल करून विचारलें, तेव्हां त्यांनीं सांगितलें तें असें. १८७२ च्या कायद्यानें स्कॉटलंडांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें, पण त्या कायद्यांत गॅलिक भाषेचें नांवहि नव्हतें. शाळेंत इंग्रजी तेवढी खरी. कित्येक शाळांत मूल गॅलिक बोललें तर त्याच्या गळ्यांत दोरीनें लांकडाचा तुकडा अडकवीत. त्यानें दुसऱ्या कोणास गॅलिक बोलतांना पकडलें कीं तो तुकडा त्याच्या गळ्यांत जाई. आणि शाळा सुटतांना ज्याच्या ज्याच्या गळ्यांत तो पडला त्यास छड्या. बाईंच्या आजीच्या गळ्यांत तो पडला होता. आजीनें आपल्या मुलांशीं गॅलिक बोलणें कमी केलें. बाईंच्या आईनें बाईंशीं जवळ जवळ सोडून दिलें. रागावतांना व देवाची प्रार्थना करतांना मात्र तीच भाषा तोंडांत येई. बाईंना आपली मातृभाषा ऐकून समजे, पण मोजतां येत नसे. १८९१ च्या शिरगणतींत ही भाषा बोलणारे अडीच लाखांवर होते. २०११ च्या शिरगणतींत ५७ हजारांवर आले. आतां वारा थोडा फिरला आहे. याच बेटावर १९७३ सालीं एका जुन्या कोठारांत गॅलिकचें महाविद्यालय निघालें, व त्याचें नांवच 'ओस्टेगचें मोठें कोठार' असें आहे. पोर्ट्रीस गॅलिक माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. बाईंची नात तेथें शिकते, आणि सुटीच्या दिवशीं आजीचा अभ्यास घेते.

नातीनें विचारलें, पावसाला काय म्हणतात? बाई म्हणाल्या, "उश्क. पाण्यालाहि उश्कच. पाऊस पडतो असें आम्ही म्हणत नाहीं. पाणी आहे, असेंच म्हणतों." मग चिरंजीवांकडे पाहून, बेटावर १८३० पासून चालू असलेल्या मद्याच्या भट्टीचाहि त्यांनीं उल्लेख केला, व्हिस्की हा शब्दहि त्याच 'उश्क' पासून निघाला, मूळ अर्थ 'जीवनाचें पाणी'. संस्कृत 'उदक' आणि हा 'उश्क' यांचें मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. हें बाईंना सांगण्यासाठीं आम्हीं तोंड उघडलें, आणि शब्द बाहेर येईनात.

ती गोष्ट आतां सांगतों. घरांत कोणास सांगितलेली नव्हती.

१९८४ सालचा पावसाळा. घाटाखालच्या एका शाळेंत आम्ही मराठी व संस्कृत शिकवीत होतों. डोंगरावरच्या वाडींतून एक मुलगा दीड कोस चालत येई. एके दिवशीं तो तास अर्धा झाल्यावर ओलाचिंब होऊन दारांत उभा राहिला. उशीर कां, असें विचारतां म्हणाला, "गुरुजी, लई पानी पडत व्हतं. वढ्याला पूर आला." ओढा उतरेपर्यंत तो पलीकडे एकटा उभा राहिला होता. ओढ्याला पाणी किती होतें हें आम्हीं विचारलें नाहीं. आम्हीं म्हटलें, पानी नव्हे, पाणी. पाणी पडत नाहीं, पाऊस पडतो. वढा नव्हे, ओढा. त्याला वर्गासमोर उभें करून हे शब्द दहा दहा वेळां म्हणावयास लाविलें. त्याच्या अंगावरून पाणी गळत होतें. तो जेव्हां जेव्हां 'न' म्हणे तेव्हां वर्ग हंसे, आणि वर्गास गप्प करण्याची आम्हांस घाई नव्हती. आमच्या शाळेंत गळ्यांत अडकविण्याचा लांकडाचा तुकडा नव्हता. त्याहून सोईचें साधन होतें.

त्यानंतर त्या मुलानें वर्गांत हात वर केला नाहीं. दिवाळीनंतर तो आलाच नाहीं. हजेरीपटांत कारण लिहावें लागतें. "घरची अडचण" असें आम्हीं आमच्या हातानें लिहिलें. अडचण असेलहि. आम्ही कधीं वाडीवर जाऊन पाहिलें नाहीं.

त्याच वर्षीं संस्कृतच्या तासाला आम्ही अमरकोश शिकवीत होतों. अमरसिंहानें पाण्याचीं पंचवीसांहून अधिक नांवें दिलीं आहेत. त्यांत 'जीवन' आहे, 'उदक' आहे, पावसाचें म्हणून 'मेघपुष्प' सुद्धां पाण्याचेंच नांव आहे. त्यांतच 'पानीय' आहे, आणि 'पानीय' मधला 'न' हा दंत्य 'न' आहे. आपलें 'पाणी' त्या 'पानीया'पासून आलें, हें आम्हीं फळ्यावर खडूनें लिहून दिलें होतें. वरच्या वर्गांतल्या मुलांकडून सगळीं नांवें पाठ करवून घेतलीं, सर्व मान्य केलीं, आणि खालच्या वर्गांत त्या मुलाचा एक शब्द आम्हांस खपला नाहीं. तोहि अमराच्या 'न' नें लिहिलेला. चाळीस वर्षें हे दोन तास आमच्या मनांत दोन निरनिराळ्या खोल्यांत होते. परक्या देशांत एका म्हाताऱ्या बाईच्या शेकोटीपाशीं मधलें दार उघडलें.

हें सर्व आम्हीं त्या रात्रीं मराठींत सांगितलें. चिरंजीव इंग्रजींत बाईंस सांगत गेले. आमचें संपल्यावर बाई कांहीं वेळ बोलल्या नाहींत, मग त्यांनीं विचारलें, "त्या मुलाचें नांव आठवतें का?" आठवतें. येथें लिहीत नाहीं. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, गांवीं गेल्यावर चौकशी करूं." सौ. कांहीं बोलल्या नाहींत. बूट सुकले कीं नाहीं तें पाहण्यास उठल्या.

सकाळीं परत निघावयाचें होतें. आम्ही पिशव्या बांधीत असतां नात खिडकीशीं उभी होती. तिचें मराठी बेताचें आहे. काचेला नाक लावून ती म्हणाली, "आजोबा, अजून पाणी पडतंय." चिरंजीवांनीं संवयीनें म्हटलें, "पाऊस म्हण, पाऊस—" आम्हीं हात वर केला. चिरंजीव थांबले. आम्हीं खिडकीशीं जाऊन पाहिलें. पडत होतें.